बदलापूरचा पीक अवर, २०३८ साल आणि एक सेकंद: लिनक्सच्या घड्याळाचा कोड कोण आणि कसा तपासतं?

मंगळवार, १९ जानेवारी २०३८. सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद.

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगर स्टेशनवर ही वेळ म्हणजे काय असते, हे तिथून रोज लोकल पकडणाऱ्याला सांगायची गरज नाही. चौथी सीट मिळाली तर नशीब, दारात एक पाय टेकला तरी खूप.

नेमक्या त्याच सेकंदाला, जगभरात जी यंत्रं तेव्हाही वेळ ३२ बिटच्या आकड्यात मोजत असतील, त्यांचा आकडा भरून जाईल. जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर परत शून्यावर यायचं, तसंच काहीसं. फरक एवढाच की हा आकडा शून्यावर न जाता थेट उणेमध्ये जातो. ही यंत्रं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. त्यांच्यासाठी २,१४,७४,८३,६४७ नंतरचा सेकंद असेल १३ डिसेंबर १९०१, ग्रीनिचच्या वेळेनुसार रात्री पावणेनऊच्या आसपास.

१९०१ मध्ये उल्हासनगर नावाचं शहरच नव्हतं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वापरलेल्या कल्याण कॅम्पला १९४९ साली ते नाव मिळालं. रेल्वे मात्र होती, कारण कल्याणहून पळसदरीकडे जाणारी लाइन १८५६ ची. पण तेव्हा मुंबईत 'बॉम्बे टाइम' चालायचा आणि रेल्वे 'मद्रास टाइम'वर धावायची. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. भारतीय प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ ला, तरी मुंबई महापालिका त्यानंतरही कित्येक वर्षं बॉम्बे टाइमलाच चिकटून होती. तुमच्या फोनमध्ये टाइमझोनची जी यादी असते, तिच्यात भारताच्या नोंदीखाली १९०६ पूर्वीचा मद्रास टाइमसुद्धा आहे. बॉम्बे टाइमला वेगळी नोंद नाही. म्हणजे एखादं यंत्र खरंच १९०१ मध्ये पोचलं, तर ते मद्रासचं घड्याळ लावेल. हे आपलं गंमत म्हणून.

२०३८ च्या या भानगडीबद्दल रील्स आणि फॉरवर्ड भरपूर फिरतात. बहुतेकांचा सूर 'जग बंद पडणार' असा असतो. त्यात एक गोष्ट सहसा नसते. हा कोड दुरुस्त करणारी माणसं आहेत, ती काम करतायत, आणि त्यांच्या प्रत्येक ओळीवर दुसरं कुणीतरी शंका घेतं. हा लेख त्या शंका घेणाऱ्यांबद्दल आहे. कारण घड्याळाच्या कोडमधली चूक सुटली की काय होतं, हे २०१२ मध्ये एकदा नीट दिसलेलं आहे.

कर्नलला वेळ कळते कशी?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचा कारभार बघणारा भाग. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आत लिनक्स कर्नल आहे. जगातल्या बहुतेक सर्व्हरवर लिनक्स आहे. गल्लीतल्या दुकानातल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये आणि घरातल्या वायफाय राउटरमध्येही बऱ्याचदा तोच असतो.

कॉम्प्युटरला 'आत्ता किती वाजले' हे आपोआप कळत नाही. प्रोसेसरमध्ये एक काउंटर असतो, तो नुसता वाढत राहतो. सेकंदाला अब्जावधी टिकटिक. कर्नल विचारतो, मघापासून किती टिकटिक झाली? त्यावरून किती नॅनोसेकंद गेले याचा हिशोब करतो आणि आधीच्या वेळेत मिळवतो. मशीन बंद असताना वेळ सांभाळायला बोर्डावर बटणाएवढी बॅटरी आणि एक चिप असते. जुन्या पीसीची ती बॅटरी संपली की तारीख कुठल्या कुठे जाते आणि निम्म्या वेबसाइट उघडत नाहीत, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. ब्राउझर वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत तपासतो आणि तारीखच चुकीची असते, म्हणून.

शिवाय काउंटर थोडा पुढे-मागे पळतो, म्हणून इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला विचारून दुरुस्ती करावी लागते. आपल्याकडे अधिकृत वेळ दिल्लीची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी ठेवते. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांना आपली घड्याळं या लॅबोरेटरीच्या किंवा एनआयसीच्या टाइम सर्व्हरशी जुळवून ठेवायला सांगितलं, ते याचसाठी.

आणि हो, कर्नल आतमध्ये भारतीय वेळ ठेवत नाही. तो जागतिक वेळ ठेवतो. त्यात साडेपाच तास मिळवून तुम्हाला दाखवायचं काम वरच्या सॉफ्टवेअरचं.

हे सगळं करणाऱ्या मुख्य फाइलचं नाव आहे 'टाइमकीपिंग डॉट सी'. लिनक्सचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, त्यामुळे ती फाइल कुणीही उघडून वाचू शकतं. बदलू मात्र कुणीही शकत नाही. बदल सुचवायचा असेल तर पॅच लिहायचा. पॅच म्हणजे कुठल्या ओळी काढल्या आणि कुठल्या घातल्या याची यादी, आणि सोबत 'हे का केलं' याचं स्पष्टीकरण. तो ईमेलने मेंटेनरकडे जातो. घड्याळाच्या कोडचे मेंटेनर म्हणून थॉमस ग्लाइक्सनर आणि जॉन स्टल्ट्झ ही दोन नावं अनेक वर्षं आहेत. त्यांच्यासोबत इतरही रिव्ह्यू करतात. कुणी पॅच तपासला, कुणी चालवून बघितला, कुणी पुढे पाठवला, याच्या नावानिशी ओळी पॅचच्या खाली कायमच्या राहतात. दहा-वीस वर्षांनी कुणालाही बघता येतं की ही ओळ कुणी घातली आणि तेव्हा काय कारण दिलं होतं. पुढची गोष्ट समजायला हे महत्त्वाचं आहे.

वाचता वाचता घड्याळ बदललं तर?

रिव्ह्यू करणारा नेमकं काय बघतो, याचं एक उदाहरण.

समजा प्लॅटफॉर्मवरचं घड्याळ ७:५९ वरून ८:०० वर जातंय. तुम्ही आधी तासाचा आकडा वाचला, ७. तेवढ्यात घड्याळ बदललं. मग मिनिटं वाचली, ००. तुमच्या मते वाजले ७:००. एका क्षणाचा फरक, चूक अख्ख्या तासाची.

कर्नलमध्ये हे सतत घडू शकतं, कारण एका प्रोसेसरवर वेळ लिहिली जात असताना बाकीच्या प्रोसेसरवर हजारो प्रोग्रॅम ती वाचत असतात. त्यावरचा उपाय साधा आहे. घड्याळासोबत एक अनुक्रमांक ठेवायचा. लिहायला सुरुवात करताना तो एकने वाढतो आणि विषम होतो, लिहून झालं की पुन्हा एकने वाढून सम होतो. वाचणाऱ्याने आधी अनुक्रमांक बघायचा, मग वेळ वाचायची, मग पुन्हा अनुक्रमांक बघायचा. विषम दिसला किंवा मधे बदलला, तर वाचलेलं फेकून द्यायचं आणि परत वाचायचं.

रिव्ह्यू करणारा इथे विचारतो, लिहिणाऱ्यालाच मधे थांबवून कुणी वेळ विचारली तर? लिहिणारा थांबलेला, म्हणून अनुक्रमांक विषमच राहणार. वाचणारा तो सम व्हायची वाट बघत बसणार. आणि वाचणारा थांबल्याशिवाय लिहिणारा पुढे सरकणार नाही. दोघेही कायमचे अडकले.

हे कागदावरचं भय नाही. ३१ डिसेंबर २००८ च्या शेवटी, आपल्याकडे १ जानेवारी २००९ च्या पहाटे साडेपाचला, काही लिनक्स मशीन याच प्रकाराने गोठली. त्या क्षणी घड्याळात एक जादा सेकंद घातला जात होता आणि कर्नलला 'जादा सेकंद घातला' एवढा निरोप लॉगमध्ये लिहायचा होता. निरोप लिहिताना घड्याळाचं कुलूप हातात होतं. निरोप पोचवायच्या नादात कोडचा दुसरा भाग वेळ विचारायला आला आणि त्याच कुलपासमोर उभा राहिला. कुणाच्याही नजरेला निरुपद्रवी वाटेल अशी ती ओळ होती.

जादा सेकंद आणि २०१२ ची पहाट

पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळाइतकं नियमित नाही. दोघांचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून अधूनमधून जागतिक वेळेत एक सेकंद वाढवला जातो. त्याला लीप सेकंद म्हणतात. आतापर्यंत असे २७ वेळा झालं, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. तो जागतिक वेळेनुसार मध्यरात्री येतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. घड्याळात ५:२९:५९ नंतर ५:२९:६० येतं आणि मग ५:३०:००. लिनक्सला मात्र साठावा सेकंद माहीत नाही. तो घड्याळ एक सेकंद मागे घेतो आणि शेवटचा सेकंद दोनदा मोजतो.

१ जुलै २०१२, रविवार, पहाटे साडेपाच. कर्जत-बदलापूरच्या लोकल तेव्हा नेहमीसारख्या सुरू असतील. जगभरातल्या हजारो लिनक्स सर्व्हरवर मात्र प्रोसेसरचा वापर एकाएकी शंभर टक्क्यांवर गेला. रेडिट काही काळ बंद पडलं. मोझिलाच्या सर्व्हरवर जावाचे प्रोग्रॅम अडकले. क्वांटास विमान कंपनी वापरत असलेली अमॅडेयसची चेक-इन सिस्टीम बसली, ऑस्ट्रेलियातल्या विमानतळांवर रांगा लागल्या आणि कर्मचाऱ्यांना चेक-इन हाताने करावं लागलं. हेट्झनर या जर्मन होस्टिंग कंपनीने ग्राहकांना कळवलं की त्यांच्या डेटा सेंटरमधला विजेचा वापर साधारण एक मेगावॉटने वाढला. सर्व्हर काहीच काम करत नव्हते, नुसते गरगर फिरत होते.

असं का झालं?

कर्नलमध्ये वेळेचे दोन विभाग आहेत असं समजा. पहिला मुख्य घड्याळ चालवतो. दुसरा टायमर सांभाळतो, म्हणजे 'मला अमुक वाजता उठव' असं सांगितलं की त्या वेळी उठवतो. दुसऱ्या विभागाकडे मुख्य घड्याळाच्या हिशोबाची स्वतःची प्रत असते. मुख्य घड्याळ कुणी हलवलं, तर दुसऱ्या विभागाला 'घड्याळ बदललंय, तुझी प्रत सुधार' असं सांगावं लागतं. स्टेशन मास्तरने घड्याळ मागे केलं पण घोषणा करणाऱ्याला सांगितलंच नाही, तर तो आपल्या मनगटावरचं बघून आधीच गाडी पुकारेल. तसंच झालं. मुख्य घड्याळ एक सेकंद मागे गेलं आणि टायमर विभागाला कुणी कळवलं नाही.

आता एखाद्या प्रोग्रॅमने सांगितलं, 'मला आत्तापासून एक दशांश सेकंदाने उठव.' टायमर विभागाच्या घड्याळात ती वेळ होऊन गेलेली होती. त्याने लगेच उठवलं. प्रोग्रॅमने मुख्य घड्याळ बघितलं, अजून वेळ झालेली नाही. तो पुन्हा म्हणाला, 'उठव.' पुन्हा लगेच उठवलं. सेकंदाला लाखो वेळा हेच.

त्या पहाटे सापडलेला तात्पुरता उपाय ऐकून हसू येतं. कमांड देऊन मशीनला 'आत्ताची जी तारीख-वेळ आहे तीच सेट कर' असं सांगायचं. वेळ बदलत नव्हती. पण हाताने वेळ सेट केली की कर्नल टायमर विभागाला न चुकता कळवतो. तेवढ्याने प्रोसेसर शांत झाले.

ती ओळ गेली कुठे?

आता मघाशी म्हटलं तो कोडचा इतिहास कामाला येतो. लीप सेकंदानंतर टायमर विभागाला कळवणारी ओळ आधी कोडमध्ये होती. २००७ साली ती काढली गेली. पॅच खुद्द थॉमस ग्लाइक्सनर यांचा, म्हणजे या विषयात ज्यांचा शब्द सहसा शेवटचा मानला जातो अशा माणसाचा. आणि कारण शंभर टक्के खरं होतं. ती ओळ ज्या ठिकाणी होती तिथे ती चालली, तर प्रोसेसर एकमेकांची वाट बघत अडकू शकत होते. मशीन गोठण्याचा धोका होता. म्हणजे पॅचने एक खरा बग काढला.

पण पॅचच्या स्पष्टीकरणात आणखी एक विधान होतं. आशय असा की ओळ काढल्याचा दुष्परिणाम झालाच तर एवढाच, की कधी लीप सेकंद वजा केला गेला तर एखादा टायमर एक सेकंद उशिरा वाजेल. आधी मात्र कधीच वाजणार नाही.

लीप सेकंद वजा करायची वेळ आजवर एकदाही आलेली नाही. प्रत्येक वेळी सेकंद वाढवलाच गेलाय. आणि वाढवला की टायमर आधी वाजतो. पाच वर्षांनी नेमकं तेच झालं.

माझ्या मते रिव्ह्यू या प्रकाराबद्दल यापेक्षा बोलकं उदाहरण मिळणं कठीण. कोडची ओळ काढणं चुकीचं नव्हतं. चूक होती 'याचा काही त्रास होणार नाही' असं सांगणाऱ्या साध्या वाक्यात. कोड कॉम्प्युटर तपासून देतो, टेस्ट चालतात, कंपायलर ओरडतो. ते वाक्य मात्र फक्त माणूसच तपासू शकतो. त्यासाठी त्याने कागद घेऊन बसायला हवं. सेकंद वाढवला तर काय, कमी केला तर काय, कोणाचं घड्याळ पुढे राहील, कोणाचं मागे.

शिवाय इथे वापरून बघण्यावर विसंबता येत नाही. फोनच्या कॅमेऱ्याचा बग पहिल्याच दिवशी लाखो लोकांना दिसतो. घड्याळाचा बग ठरलेला क्षण येईपर्यंत झोपलेला असतो. तो क्षण दीड वर्षाने येतो, पाच वर्षांनी येतो, २०३८ मध्ये येतो.

दुरुस्ती जॉन स्टल्ट्झ यांनी जुलै २०१२ मध्येच केली. काढलेली ओळ होती तशी परत घालता येत नव्हती, कारण गोठण्याचा धोका तिथेच होता. म्हणून नवी सोय केली. कुलूप हातात असताना फक्त खूण करून ठेवायची, आणि कुलूप सोडल्यावर निवांत कळवायचं. स्टल्ट्झ यांनी लिहिलेली एक टेस्ट पुढे कर्नलसोबतच मिळू लागली. तिचं नाव 'लीप अ डे'. ती मशीनला रोज मध्यरात्री लीप सेकंद घालायला लावते. वर्षानुवर्षांनी येणारा क्षण रोज आणायचा, म्हणजे बग लपून बसणार नाही.

लवकर बिघडू दे, म्हणजे लवकर सापडेल

हीच युक्ती कर्नलमध्ये आणखी एका ठिकाणी आहे आणि मला ती फार आवडते. कर्नलमध्ये 'जिफी' नावाचा जुना काउंटर आहे. सेकंदाला हजार टिकटिक असतील तर ३२ बिटचा हा काउंटर साधारण ४९ दिवसांनी भरून परत शून्यावर येतो. आता टेस्ट करायला कोण मशीन ४९ दिवस चालू ठेवणार? म्हणून कर्नल हा काउंटर शून्यापासून सुरू करतच नाही. मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू करतो की मशीन चालू झाल्यावर पाच मिनिटांतच तो भरतो. ज्याच्या कोडमध्ये चूक आहे, त्याची चूक चहा पिऊन होईपर्यंत समोर येते.

सगळीकडे ही सोय केलेली नव्हती. २०११-१२ च्या सुमारास २०८ दिवसांचा बग गाजला. टिकटिकांचे नॅनोसेकंद करताना भागाकार टाळायचा असतो, तो महाग पडतो. म्हणून आधी एका ठरलेल्या संख्येने गुणायचं आणि मग शेवटचे काही बिट टाकून द्यायचे. उत्तर छोटं येतं, पण मधला गुणाकार प्रचंड मोठा होतो. काही कर्नलमध्ये तो ६४ बिटमध्ये मावेनासा व्हायला साधारण २०८.५ दिवस लागायचे. म्हणजे २०८ दिवस आणि वर अर्धा. त्यानंतर घड्याळ एकदम उडी मारायचं. आमचा सर्व्हर सहा-सहा महिने रीस्टार्ट करावा लागत नाही, अशी फुशारकी मारणाऱ्यांनाच याचा फटका बसला. तेव्हापासून गुणाकार दिसला की रिव्ह्यू करणारा विचारतो, 'हे किती दिवसांत भरेल?'

मेंटेनरचाच पॅच परत घेतला जातो तेव्हा

रिव्ह्यू झाला, सगळ्यांना पटला, तरी गोष्ट संपत नाही. २०१८ चं उदाहरण घ्या.

कर्नल प्रोग्रॅमना एकाहून जास्त घड्याळं देतो. एक भिंतीवरचं, जे मागे-पुढे होऊ शकतं. एक फक्त पुढे जाणारं, ज्याला मोनोटोनिक म्हणतात. किती वेळ गेला हे मोजायला तेच वापरायचं असतं. भिंतीवरच्या घड्याळाने वेळ मोजली की काय होतं, हे क्लाउडफ्लेअरने १ जानेवारी २०१७ च्या लीप सेकंदाला अनुभवलं. गेलेला वेळ उणेमध्ये आला आणि त्यांच्या डीएनएसचा काही भाग कोसळला.

तर हे मोनोटोनिक घड्याळ लॅपटॉप झोपला की थांबतं. झोपेतही चालणारं तिसरं घड्याळ वेगळं असतं. दोन वेगळी कशाला, मोनोटोनिकही झोपेत चालू ठेवू, असा विचार झाला. तर्काने पटणारा. ४.१७ आवृत्तीच्या तयारीत तो बदल आत गेला. मग लोकांनी चालवून बघितलं. रात्री लॅपटॉप बंद केला, सकाळी उघडला, तर सिस्टीमडी या देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमला वाटलं की बाकीच्या सेवांनी आठ तास उत्तरच दिलेलं नाही. त्याने त्या मारून टाकल्या. नेटवर्क जोडणारा प्रोग्रॅमही गोंधळला.

एप्रिल २०१८ मध्ये, ४.१७ बाहेर पडायच्या आतच, ग्लाइक्सनर यांनी तो बदल मागे घेतला. लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना नियम आहे की कर्नलमधल्या बदलाने लोकांचे चालते प्रोग्रॅम मोडता कामा नयेत, मग तुमचा बदल कितीही शहाणपणाचा असो. आपल्याकडे मोठ्या पदावरच्या माणसाने घेतलेला निर्णय महिनाभरात सगळ्यांसमोर मागे घेतल्याची उदाहरणं किती सापडतील, हा वेगळा विषय.

मग २०३८ चं काय?

वेळ साठवायला ३२ ऐवजी ६४ बिट वापरायचे, की प्रश्न मिटला. ऐकायला सोपं. पण ही वेळ कर्नलमध्ये हजारो ठिकाणी वापरली जाते. फाइल कधी बदलली, नेटवर्कचं पाकीट कधी आलं, ड्रायव्हरने कधी उत्तर दिलं, सगळीकडे. आणि मघाचा नियम आहेच, जुने प्रोग्रॅम मोडायचे नाहीत.

हे काम आर्न्ड बर्गमन यांनी अनेक वर्षं रेटलं. त्यात दीपा दिनमणी यांचं काम मोठं आहे. आउटरीची या इंटर्नशिप कार्यक्रमातून त्या कर्नलमध्ये आल्या आणि फाइलवर पडणारा वेळेचा शिक्का ६४ बिटमध्ये नेणारा बदल २०१८ मध्ये त्यांच्या नावाने दाखल झाला. एका पॅचमध्ये सगळ्या फाइल सिस्टीमना हात लावायचा, म्हणजे प्रत्येक फाइल सिस्टीमच्या मेंटेनरच्या शंका आल्याच. २०१९ मध्ये ३२ बिट मशीनसाठी नवे सिस्टीम कॉल आले. मार्च २०२० मधली ५.६ ही पहिली आवृत्ती, जिच्या जोरावर ३२ बिटचं मशीन २०३८ च्या पुढे चालू शकतं. कर्नलच्या वरच्या लायब्ररीत ही सोय २०२१ मध्ये आली. डेबियनने आपली ३२ बिट एआरएम आवृत्ती २०२४ मध्ये बदलायला घेतली.

६४ बिटमध्ये सेकंद मोजले तर आकडा भरायला २९२ अब्ज वर्षं लागतील. पण कर्नल आतला हिशोब नॅनोसेकंदांत करतो, त्यामुळे त्याची खरी सीमा २२६२ साल आहे. म्हणून २०१९ मध्ये नियम घातला की घड्याळ २२३२ च्या पुढे कुणाला सेट करता येणार नाही. मधली तीस वर्षं कशासाठी? एखादं मशीन तीस वर्षं रीस्टार्ट न करता चालू राहिलं तरी आकडा भरू नये म्हणून. दोनशे वर्षांनंतरच्या मशीनचा अपटाइम धरून केलेला हा हिशोब आहे.

तुमचा आत्ताचा फोन बहुधा ६४ बिटचाच आहे, आणि २०३८ पर्यंत तो हातात राहणारही नाही. प्रश्न आहे तो बसवून विसरलेल्या यंत्रांचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत आज बसवलेल्या मशीनचा कंट्रोलर वीस-पंचवीस वर्षं चालू शकतो. उल्हासनगरच्या दुकानातला डीव्हीआर, सोसायटीच्या गेटवरचा हजेरी घेणारा डबा, बदलापूरच्या टेरेसवरचा राउटर. कर्नल दुरुस्त झाला म्हणून हे आपोआप दुरुस्त होत नाहीत. त्यात विकताना घातलेला जुना कर्नलच असतो आणि बहुतेकांना पुढे अपडेट मिळत नाही.

नवं काही विकत घेणार असाल तर विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: आत लिनक्सची कुठली आवृत्ती आहे, आणि यंत्र ३२ बिटचं आहे की ६४. ३२ बिटचं असेल तर कर्नल ५.६ किंवा त्यापुढचा हवा आणि वरचं सॉफ्टवेअरही ६४ बिट वेळेसाठी तयार केलेलं हवं. जुना, वापरात नसलेला डीव्हीआर पडून असेल तर त्याची तारीख १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४३ अशी लावून दोन मिनिटं बघत बसा. काही यंत्रं २०३७ च्या पुढची तारीख घेतच नाहीत, ते पण एक उत्तरच आहे. चालू डीव्हीआरवर मात्र हा प्रयोग करू नका. तारीख पुढे गेली की त्याला जुनं रेकॉर्डिंग मुदत संपलेलं वाटू शकतं आणि तो ते पुसून टाकू शकतो. आणि रोजच्या फोनवरही नको, कारण तारीख पुढची दिसली की व्हॉट्सॲप आणि बँकेचं ॲप दोन्ही अडून बसतात.